बावीस केल्विनच्या खाली

ड्रेस्डेनच्या तळघरात चार दिवे
आरशांतून एकाच ठिपक्यावर रोखलेले.
वरून एक काळी कांडी, खालून एक,
मध्ये वितळलेला थेंब,
पडायच्या बेतात, आणि पडत नाही.
तासाला दोन मिलिमीटर.
गुंडुला राइशेल्ट स्टुलावर बसून तो थेंब राखते
एकतीस वर्षं,
चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशी.
नजर हटली की सोडियम उडाला, म्हणते.

निवलेल्या स्फटिकाचे ती ब्लेडने पदर सोडवते.
अभ्रकासारखे पापुद्रे, पण काळे,
आणि त्यात तिचा चश्मा दिसतो.
कोबाल्टचा एक थर, वर-खाली ऑक्सिजनचा पहारा,
मग सोडियमची सैल वस्ती:
काही खोल्या भरलेल्या, काही मोकळ्या,
भाडेकरू रातोरात जागा बदलणारे.
मग पुन्हा कोबाल्ट.
उतरंड म्हणावी,
तर तळाचं मडकं सापडत नाही.

तिचे वडील श्नेबर्गचे, खाणीतले.
तिथले जुने लोक चांदी म्हणून दगड भट्टीत घालत.
चांदी यायची नाही.
यायचा लसणाच्या वासाचा धूर, छातीत बसणारा.
म्हणत, कोबोल्डने डाव साधला,
खाणीतल्या त्या खट्याळ भुताने
चांदी पळवली, दगड ठेवला.
पुढे त्याच दगडातून निळी काच निघाली.
भूत विसरले लोक.
नाव धातूला चिकटून राहिलं.

कोबाल्ट बसतात तिकोनात.
काहींच्या पोटात बारीक होकायंत्र,
काहींचं मिटलेलं: सहा इलेक्ट्रॉन जोडीजोडीने,
बाहेर काहीच दाखवत नाहीत.
कागदावर मी तिला पेच काढून दाखवला:
दोघांनी एकमेकांकडे पाठ केली
तर तिसऱ्याने कुणाकडे करायची?
आमच्याकडे म्हणतात, तीन तिगाडा काम बिगाडा.
मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं.
ती हसली नाही.
म्हणाली, आम्ही तिघी बहिणी.
ट्राउडेलला घर विकायचंय, झीगलिंडेला नाही.
आणि पुन्हा थेंबाकडे बघू लागली.

या स्फटिकात तो पेच असा सुटतो:
बावीस केल्विनच्या खाली
एका थरातले सगळे वर बघतात,
पुढच्या थरातले सगळे खाली.
बेरीज शून्य.
बाहेरच्याला वाटावं, इथे काही घडलंच नाही.
फक्त आलेखावर एक छोटं टोक,
नखाएवढं.
त्यासाठी एवढा हेलियम.

शुक्रवारी पाऊस होता.
यानेकने पेटीचं झाकण उघडं ठेवलं
आणि तो गाडी पकडायला पळाला.
सोमवारी काळ्या चकाकीवर पांढरी बुरशी.
सोडियम हवेतल्या पाण्याकडे निघून गेला होता.
यानेक दारात उभा,
तेवीस वर्षांचा, कानापर्यंत लाल.
गुंडुलाने त्याच्याकडे पाहिलं नाही.
तो खराब तुकडाच तिने यंत्रात सोडला.
चाळीस, तीस, पंचवीस, बावीस, वीस.
टोक आलं नाही.
रेघ सरळ उतरत गेली,
न वाचलेल्या पत्रासारखी.

याच घराण्यातला एक जण, ती म्हणाली,
सोडियम काढून घेतला
आणि नीट पाणी पाजलं,
तर थर लांब सरकतात,
आणि पाच अंशांच्या आत
वीज रोधाशिवाय वाहते.
पाणी सारखंच, यानेक.
कधी द्यायचं, ते आपण ठरवायचं.

कुपीवर तिने बारीक अक्षरात लिहिलं:
यानेक, ओला.
कपाटात ठेवली, फेकली नाही.

डिसेंबरात श्नेबर्गच्या खिडक्यांत
लाकडी कमानी उजळतात,
कमानीखाली दोन खाणकामगार, हातात दिवे.
राइशेल्टांच्या खिडकीत यंदा कमान कोण ठेवणार,
ते अजून ठरलेलं नाही.
शनिवारी दोघींचे फोन आले, एकापाठोपाठ.
तिने दोघींना सांगितलं, थेंब चालू आहे,
नंतर बोलू.

थेंब चालू होता.